वाद्यावांचून गायन

गायनवर्गांत मुलांचा वेळ व्यर्थ जातो, असें कांहीं पालकांस वाटतें. आणि पेटीच्या आधारावांचून गावें कसें, अशी मुलांची कुरकुर असते. आमच्या मतें या दोहोंचें उत्तर एकाच रचनेंत सांपडतें.

इंग्लंडांतील संगीतकार रेफ वॉन विल्यम्स (१८७२–१९५८) यांनीं १९२१ सालीं ‘मास इन जी मायनर’ ही ख्रिस्ती उपासनेची गायनरचना पुरी केली. सोळाव्या शतकांतील टॅलिस व बर्ड यांच्या बहुस्वरी गायनाचा आदर्श तींत स्पष्ट दिसतो. ६ डिसेंबर १९२२ रोजीं बर्मिंगहॅम येथें ती प्रथम गाइली गेली. चार एकल गायक व दोन गायकवृंद यांनीं ती वाद्याच्या साथीवांचून गावयाची असते.

अशा गायनांत एक आवाज ओळ उचलतो, दुसरा तीच मागाहून घेतो. कोणताही आवाज सदैव मुख्य नसतो, कीं निव्वळ साथीपुरताही नसतो. एकानें शेजाऱ्याचें ऐकणें सोडिलें कीं सर्वांचा स्वर हळूहळू उतरूं लागतो, आणि तो सांवरावयास वाद्य नसतें. केव्हां थांबावें, हेंही गाण्याइतकेंच शिकावें लागतें.

ही रचना गुस्ताव्ह होल्स्ट व त्यांचें गायकमंडळ यांस अर्पण केलेली आहे. हे होल्स्ट लंडनांतील एका मुलींच्या शाळेंत संगीतशिक्षक होते, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे.

पालकहो, दुसऱ्याचें ऐकून आपला स्वर राखावयास जो शिकला, त्याचा वेळ व्यर्थ गेला असें आम्हांस म्हणवत नाहीं. आणि विद्यार्थिमित्रांनो, आठवड्यांतून एक दिवस तरी पेटी मिटून ठेवा व एकमेकांचें ऐका.