डाखातली भेग
आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील मुठीत मावणारा कंपोनंट टेस्टर आठवडाभर लहरीपणा करीत होता. एकाच ट्रान्झिस्टरला कधी ‘एनपीएन’ म्हणावे, कधी ओळखूच नये! नववीतल्या एका मुलाने तो पाडला असावा, असे गृहीत धरून आम्ही त्याला चार शब्द सुनावलेही. मग, वाचकहो, स्वतःच बसलो. दुसरा, खात्रीचा ट्रान्झिस्टर लावला, तोच खेळ. नऊ व्होल्टची नवी बॅटरी घातली, फरक नाही. सॉकेटची कळ बोटाने किंचित दाबून धरताच मात्र उत्तर स्थिरावले. भिंगाखाली पाहतो तो सॉकेटच्या एका पायाभोवती, डाखात, केसाएवढी वर्तुळाकार भेग. कळ वारंवार उघडमिट करण्याचा ताण त्या डाखावरच येतो. आणि ती सर्वांत अधिक आम्हीच करतो. नवा डाख दिला, तिन्ही टोके जोडून टेस्टरची स्वयंचाचणी घेतली. मुलाची क्षमा उद्या प्रार्थनेनंतर मागू. रागावलो होतो तेही सर्वांसमक्षच.