विजयानंतरची भाऊबंदकी

शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांची 1989 साली जुळलेली युती 2014 मध्ये तुटली, पुन्हा सांधली गेली आणि 2019 च्या निकालानंतर पुन्हा मोडली. 2022 साली तर खुद्द शिवसेनेचीच दोन शकले झाली. हा सारा खुर्चीच्या हव्यासाचा खेळ आहे, असे दादरपासून गिरगावापर्यंत जो तो म्हणतो. हव्यास होताच, राजकारणात तो केव्हा नसतो? पण एकाच फळीत वर्षानुवर्षे लढलेले साथी नेमके यशाच्या क्षणीच एकमेकांवर का उलटतात, हा प्रश्न एवढ्याने सुटत नाही.

जगाच्या रंगभूमीवर हे नाट्य याहून भव्य प्रमाणावर होऊन गेले आहे. 25 एप्रिल 1945 रोजी एल्ब नदीच्या काठी टोरगाव येथे अमेरिकन व रशियन सैनिकांनी हस्तांदोलन केले. पुढच्याच मार्चमध्ये चर्चिलसाहेबांनी फुल्टनच्या भाषणात पोलादी पडद्याची ललकारी दिली आणि जून 1948 मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली. परस्परांविषयीचा अविश्वास 1917 च्या क्रांतीपासूनचाच होता. हिटलरच्या भयाने तो केवळ झाकला गेला होता. जर्मनी आणि जपान पडले, ब्रिटन व फ्रान्स थकले, आणि मोकळ्या पडलेल्या भूमीवर पाय रोवण्याचे बळ दोघांपाशीच उरले. त्या दोघांचे वैर मग अटळ होते.

आमच्या वाचकांना याचे घरचे उदाहरण हवे असेल, तर त्यांनी संयुक्त महाराष्ट्र समिती आठवावी. 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात स्थापन झालेल्या त्या समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. हिंदुमहासभा आणि जनसंघही होते. सामान्य दिवसांत ही मंडळी एका पंक्तीला बसली नसती. श्री. एस. एम. जोशी 1942 च्या लढ्यात भूमिगत होते, तर कम्युनिस्ट पक्ष त्या वेळी लोकयुद्धाची भाषा बोलत होता. ती जखम बुजली नव्हती. फ्लोरा फाउंटनवर सांडलेल्या रक्ताने ती काही काळ दिसेनाशी झाली, इतकेच. 1957 साली कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले, महापालिकेवर समितीची सत्ता आली आणि आचार्य अत्र्यांचा 'मराठा' घरोघर गर्जू लागला. त्याच सुमारास हंगेरीत रशियन रणगाडे शिरले, 1959 मध्ये केरळचे कम्युनिस्ट मंत्रिमंडळ बरखास्त झाले, चीनचे प्रकरण निघाले. आणि प्रत्येक वेळी समितीच्या बैठकीत एकाच व्यासपीठावर दोन तोंडे दिसू लागली. राज्य दृष्टिपथात येताच प्रजासमाजवाद्यांनी समितीशी काडीमोड घेतला.

येथे एक फरक मात्र ध्यानात घेतला पाहिजे. 1945 साली पराभूत पक्ष रणांगणातून नाहीसा झाला; 1960 साली महाराष्ट्राचा मंगल कलश श्री. यशवंतराव चव्हाणांच्या, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लढा झाला त्या काँग्रेसच्याच हाती आला. लढणाऱ्यांनी राज्य मिळवले आणि राज्य केले दुसऱ्यांनी! 1962 साली डांगे पराभूत झाले. समितीच्या वारसांना वाटून घेण्यासाठी उरले ते परळ-लालबागचे गिरणगाव.

आणि त्या भूमीची वाटणी होण्याजोगी नव्हती. गिरणीतला माणूस एकाच वेळी कामगार होता आणि मराठीही होता. समितीच्या दिवसांत या दोहोंत अंतर पडले नाही. विजयानंतर एकाच माणसाचे दोन हात दोघांनी ओढावयास घेतले. समितीच्या लढ्यात अग्रभागी असलेल्या प्रबोधनकार ठाकऱ्यांच्या घरातूनच ऑगस्ट 1960 मध्ये 'मार्मिक' निघाले आणि 19 जून 1966 रोजी शिवसेना जन्मास आली. 1967 साली परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. 1968 च्या महापालिका निवडणुकीत प्रजासमाजवादी शिवसेनेच्या मांडीला मांडी लावून बसले. जून 1970 मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागेत खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीचा पराभव करून श्री. वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. ज्या चाळींतून दहा वर्षांपूर्वी एकच मोर्चा निघत असे, त्याच चाळी आता दोन तटांत उभ्या होत्या.

परक्याशी वाद सीमेवर होतो, भाऊबंदाशी घरात. सेना-भाजप युतीचेही तेच झाले. 1995 साली सेनेचे 73 आणि भाजपचे 65 आमदार निवडून आले. 2014 मध्ये वेगळे लढताच भाजपला 122 आणि सेनेला 63 जागा मिळाल्या. काँग्रेस खिळखिळी झाल्यावर दोघांचाही मतदार एकच असल्याचे उघडे पडले. शत्रू प्रबळ होता तोवर हाच एकसारखेपणा युतीचे बळ होता.

या भांडणांत पुढाऱ्यांचे काय झाले, याची आम्हांस फारशी चिंता नाही, पुढारी तरतात. बुडाली ती समितीची अपुरी मागणी. 1 मे 1960 रोजी बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्राबाहेर राहिली होती. तो प्रश्न धसास लावण्यास शिवाजी पार्क भरून टाकणारी जुनी एकजूट हवी होती; पण साथी एकमेकांचे झेंडे उतरवण्यात गुंतले होते. शेवटी 1966 साली पंचाऐंशी वर्षांच्या सेनापती बापटांना उपोषणास बसावे लागले. तेव्हा कोठे महाजन आयोग नेमला गेला, आणि त्याने 1967 च्या अहवालात बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल अमान्य केला. सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल करण्यास 2004 साल उजाडावे लागले.