रिकाम्या रकान्यातली बाई

आमच्या मदत केंद्रात दर शनिवारी दुपारी कागदपत्रांच्या अडचणी घेऊन बायका येतात. रेशनकार्ड, दाखले, बँकेचं पासबुक, अर्जाच्या पोचपावत्या. मी आठवडाभर एका कंपनीत डेटाबेसचं, म्हणजे संगणकातल्या नोंदवह्यांचं काम करते आणि शनिवारी इथे बसते. त्यामुळे संगणकाशी संबंध असलेली प्रकरणं आपोआप माझ्या टेबलावर येतात.

मागच्या वर्षी अशीच एक मावशी आली. पन्नाशीची, चार घरी पोळ्या करणारी. तिच्या हातात एका कार्यालयाने लावलेल्या लाभार्थी यादीच्या पानाची झेरॉक्स होती. यादीत तिचा अर्ज क्रमांक होता, पत्ता बरोबर होता, बँक खात्याचे शेवटचे चार आकडेही बरोबर होते. नावाच्या जागी मात्र काहीच नव्हतं.

"ताई, माझं नाव उडालंय. साहेब म्हणतात, नावच नाही तर पैसे कुणाला द्यायचे?"

मी तिच्या अर्जाची प्रत पाहिली. स्वतःचं नाव लिहिलेलं, आडनाव लिहिलेलं. मधला 'पतीचे / वडिलांचे नाव' हा रकाना कोरा. घटस्फोटाला अकरा वर्षं झाली होती. माहेरी परत गेली तेव्हा वडिलांनी दार लावून घेतलं होतं. "त्या दोघांपैकी कुणाचंच नाव लावायचं नाही असं मी ठरवलंय," ती म्हणाली. त्याच पानावर आणखी दोन ओळींत नावाची जागा कोरी होती.

काय घडलं असणार ते माझ्या लक्षात आलं, कारण ही माझ्या धंद्यातली रोजची चूक आहे. मैत्रिणींनो, ती चूक समजून घ्यायला संगणक शिकावा लागत नाही, म्हणून इथे सांगते.

संगणकाच्या नोंदवहीत नाव एका जागी ठेवत नाहीत. पहिलं नाव एका रकान्यात, मधलं दुसऱ्या, आडनाव तिसऱ्या. यादी छापायची वेळ आली की तिन्ही तुकडे जोडून एक नाव करायचं. एखादा रकाना भरलेलाच नसेल तर तिथे एक खूण असते. तिला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा कागदही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. आणि एसक्यूएल या नोंदवह्यांच्या भाषेचा नियम असा, की माहीत असलेल्या गोष्टीला माहीत नसलेली गोष्ट जोडली तर उत्तर 'माहीत नाही' असंच येतं. हिशेबात हे रास्तच आहे. बाराव्या महिन्याची मजुरी ठाऊक नसेल तर वर्षाची बेरीज सांगता येत नाही. पण हाच नियम नावाला लावला की पहिलं नाव आहे, आडनाव आहे, मधलं 'माहीत नाही', म्हणून आख्खं नावच 'माहीत नाही' ठरतं. नवऱ्याचं नाव नाही म्हणून बाईचं स्वतःचं नावही पुसलं जातं! हे लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल. त्याच्या डोळ्यांसमोर जी बाई होती तिला मधलं नाव होतं, एवढंच.

यावर उपाय एका ओळीचा आहे. रिकामे तुकडे वगळून उरलेले जोडा, असं सांगायची सोय या प्रणालींत तयार आहे. गंमत म्हणजे सगळ्या प्रणाली सारख्या वागतही नाहीत. ओरॅकलमध्ये तुकडे जोडताना नलकडे दुर्लक्ष होतं आणि नाव छापलं जातं. पोस्टग्रेसमध्ये तीच जोडणी त्याच चिन्हाने केली तर नाव उडतं. म्हणजे एकाच बाईचं नाव कुठल्या कार्यालयात शिल्लक राहील हे त्या कार्यालयाने कोणती प्रणाली घेतली यावर ठरायचं!

नाव छापण्यापुरतीच ही अडचण असती तर मी लेख लिहिला नसता. दोन याद्या जुळवताना काय होतं ते पाहा. नल म्हणजे 'माहीत नाही' असल्यामुळे नल हे नलच्या बरोबरीचं धरलं जात नाही. दोन्ही याद्यांत पतीच्या नावाचा रकाना कोरा असेल आणि जुळणीत तो रकाना धरला असेल, तर तीच बाई स्वतःशीच जुळत नाही. निष्कर्ष: 'नोंद आढळली नाही'. 'ज्यांची वैवाहिक स्थिती विवाहित नाही अशा सर्व' असा शोध घेतला, तर ज्यांनी तो रकाना भरलेलाच नाही त्या यात येत नाहीत. आणि 'विवाहित आहेत अशा सर्व' म्हटलं तर त्यांतही येत नाहीत. इकडे नाही, तिकडे नाही. रकान्यावरून मोजणी केली तर कोऱ्या नोंदी मोजल्याच जात नाहीत. मग अहवालात लिहिलं जातं, की अशा बायका फारशा नाहीतच.

माझ्या क्षेत्रात अशा नोंदींना 'एज केस' म्हणतात. काठावरचं प्रकरण. आधी मधलं सगळं चालू करू, काठावरचं नंतर पाहू, अशी रीत असते. पण २०११च्या जनगणनेत विधवा, घटस्फोटित, विभक्त आणि अविवाहित मिळून एकट्या बायकांची संख्या ७ कोटींच्या वर होती. सात कोटी माणसं काठावर कशी मावतील?

आता यातला सर्वांत अवघड भाग, आणि तिथे मला माझीच चूक सांगायची आहे.

आमच्या संघटनेची नोंदवही संगणकावर मीच आणली. शिबिरांची एक यादी होती, मदत केंद्राची दुसरी. दोन्ही एकत्र करताना प्रश्न आला, की एकाच बाईच्या दोन नोंदी असतील तर कुठली खरी मानायची? मी नियम केला: नवी माहिती जुन्या माहितीवर बसेल, पण नव्या नोंदीत रकाना कोरा असेल तर जुनीच ठेवायची. मला तो फार शहाणपणाचा वाटला होता. नाहीतर घाईत भरलेल्या एका अर्जामुळे जुना फोन नंबर, खाते क्रमांक पुसले गेले असते.

सहा महिन्यांनी एक ताई केंद्रात आली. हातात आमचंच पत्र. पाकिटावर तिच्या नावाआधी 'सौ.' आणि मधोमध त्या माणसाचं नाव, ज्याच्या मारहाणीतून बाहेर पडायला तिला आम्हीच मदत केली होती. "मी तीनदा फॉर्म भरला. तीनही वेळा ती जागा कोरी ठेवली. तुमच्याकडेही हाच माणूस निघत नाही का?" तिने आवाज चढवला नव्हता. मला मान वर करवली नाही.

माझ्या नियमाने काय केलं होतं, तर तिने मुद्दाम ठेवलेली कोरी जागा 'भरायची राहिली' अशी वाचली आणि दर वेळी नवऱ्याला परत आणून बसवलं. उलटा नियम केला असता तर कुणाचं तरी बँक खातं पुसलं गेलं असतं. दोन्ही नियम चूक, कारण दोन वेगळ्या गोष्टींना मी एकच कोरी जागा दिली होती. 'सांगितलं नाही' ही एक गोष्ट. 'नाही असं सांगितलं' ही दुसरी.

हा फरक संगणकाला कळत नाही असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ज्या मांडणीवर आजच्या बहुतेक नोंदवह्या उभ्या आहेत, ती ई. एफ. कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडली. त्यांनीच पुढे १९८६मध्ये, आणि मग १९९०च्या पुस्तकात, सुचवलं होतं की रिकाम्या जागेच्या दोन वेगळ्या खुणा असाव्यात: माहिती आहे पण आपल्याकडे नाही, ही एक, आणि ही माहिती इथे लागूच होत नाही, ही दुसरी. एसक्यूएलमध्ये शेवटी एकच खूण राहिली. पण नोंदींतले बदल कळवण्यासाठी २०१४ साली जेसन मर्ज पॅच नावाचं जे मानक प्रसिद्ध झालं, त्यात हा फरक स्वच्छ आहे. रकान्याचा उल्लेखच नसेल तर जुनं तसंच राहू द्यायचं. रकाना लिहून त्यापुढे नल ठेवला असेल तर जुनं काढून टाकायचं. तेव्हा साधन आहे. ते वापरायचं की नाही, हे माणसं ठरवतात.

कायदाही या बाबतीत आपल्या तक्त्यांच्या पुढे आहे. अविवाहित आईला मुलाच्या पालकत्वासाठी अर्ज करताना वडिलांचं नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं. २०१६च्या डिसेंबरात पासपोर्टचे नियम बदलले आणि आई, वडील किंवा पालक यांपैकी एकाचं नाव पुरेसं झालं. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४मध्ये ठरवलं, की १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लागेल. या निर्णयासाठी चळवळीतल्या कितीतरी जणी झटल्या, त्याचा मला आनंद आहे. पण संगणकापाशी बसणारी बाई म्हणून धास्तीही वाटते. तीन तुकड्यांचे चार झाले. आईच्या नावाचा रकाना त्याआधी जन्मलेल्या अनेकांच्या नोंदीत कोराच असणार, आणि काही मुलांच्या नोंदीत वडिलांचा. जोडणीचा जुना नियम तसाच ठेवून नुसता रकाना वाढवला, तर नावं उडण्याच्या जागा वाढतील.

नियम आधी सर्वांसाठी आणि अपवाद मागाहून, ही रीत आपण नुकतीच अनुभवली. 'माझी लाडकी बहीण' योजनेच्या पात्रतेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांची नावं २०२४ सालीच स्पष्ट लिहिलेली होती. तरीही २०२५मध्ये ई-केवायसी आली तेव्हा बाईच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. ज्यांना दोघंही नाहीत त्यांनी काय करायचं, याची वेगळी सोय नंतर जाहीर झाली. पात्रता लिहिणाऱ्याला या बायका आठवल्या होत्या. मग रकाना आखताना त्या कुठे गेल्या?

यावर एक आक्षेप मला माझे सहकारीच घेतात, आणि तो खोटा नाही. रकाने मोकळे सोडले तर एकच व्यक्ती दोनदा लाभ घेईल, फसवणूक होईल. यादी तपासायला हवीच. पण बाईची ओळख पटवायला तिची जन्मतारीख आहे, तिचा स्वतःचा आधार क्रमांक आहे, तिचं खातं आहे. नवऱ्याच्या नावाने ओळख पटत नाही. ते नाव दर कागदावर वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. आणि रकाना सक्तीचा केला की बायका काय करतात ते मी रोज पाहते. कुणी एक टिंब देते, कुणी 'नाही' असं लिहिते आणि यादीत तिच्या नवऱ्याचं नाव 'नाही' असं छापून येतं. कुणी नाइलाजाने त्याच माणसाचं नाव पुन्हा लिहिते. सक्तीने खरी माहिती मिळत नाही, खोटी मिळते.

दुसऱ्या बाजूनेही सावध राहायला हवं. 'कारण लिहा' असा नवा रकाना काढला की दर खिडकीवर बाईला आपला संसार उलगडून दाखवावा लागेल. म्हणून पर्याय तीनच असावेत: अजून भरलेलं नाही, लागू नाही, सांगायचं नाही. तिसऱ्यापुढे प्रश्न नको.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पतीचं किंवा वडिलांचं नाव कुठल्याही अर्जात सक्तीचं नसावं. नोंदीतून नाव काढून टाकायची स्पष्ट सोय असावी. कुठलीही नवी प्रणाली सुरू करण्याआधी पाच खोटे अर्ज भरून पाहावेत: विधवेचा, घटस्फोटितेचा, परित्यक्तेचा, अविवाहित आईच्या मुलीचा, आणि फक्त एकच नाव लावणाऱ्या बाईचा. आणि यादी भिंतीवर लावण्याआधी 'नाव कोरं आहे अशा ओळी दाखव' एवढं संगणकाला विचारावं. त्याला एक मिनिटही लागत नाही.

आमच्या नोंदवहीत मी हे बदल केले. दुरुस्त करताना पतीचं नाव माझ्यामुळे परत आलेल्या एकूण सतरा जणी निघाल्या. प्रत्येकीला भेटून माफी मागितली. त्या ताईला नवं पत्र मी स्वतः नेऊन दिलं. पाकिटावर तिचं नाव आणि आडनाव, एवढंच.

पोळ्या करणाऱ्या मावशीचं नाव पुढच्या यादीत आलं. त्यासाठी तिला चार खेपा घालाव्या लागल्या, म्हणजे चार दिवसांची कामं बुडाली. मधल्या पाच महिन्यांचे पैसे अजून मिळालेले नाहीत; अर्ज केला आहे. त्याच पानावरच्या उरलेल्या दोन ओळी कुणाच्या होत्या ते आम्हाला शोधता आलं नाही. तुमच्या गावात, वस्तीत यादी लागली तर आपलं नाव पाहून परत फिरू नका. कोऱ्या ओळीही पाहा, अर्ज क्रमांक उतरवून घ्या आणि विचारा, ही बाई कोण?