अमोनिया आला कुठून?

हवेतला नायट्रोजन घ्यायचा, पाणी घ्यायचे, उत्प्रेरक लावलेल्या विद्युतअग्राला वीज द्यायची आणि खोलीच्या तापमानाला अमोनिया मिळवायचा, असा दावा करणारे शोधनिबंध गेल्या दहा-बारा वर्षांत ढिगाने निघाले. दावा खरा ठरावा असे कोणालाही वाटेल. जगात दर वर्षी सुमारे १८ कोटी टन अमोनिया तयार होतो आणि तो जवळजवळ सगळा हेबर-बॉश पद्धतीने: ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान, शंभराहून अधिक वातावरणांचा दाब आणि हायड्रोजनसाठी नैसर्गिक वायू किंवा कोळसा. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातून शेतकऱ्याकडे जाणाऱ्या युरियाच्या मुळाशी हीच प्रक्रिया आहे. तिच्या जागी सौरविजेवर चालणारे छोटे संयंत्र तालुक्याच्या गावी उभे राहिले, तर खताचे सगळे अर्थकारण बदलेल. आशा इतकी मोठी असते तेव्हा मोजमाप सर्वांत कडक हवे, आणि या क्षेत्रात ते बराच काळ नव्हते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की विद्युतरसायनातल्या निबंधात ब्लँक प्रयोगांचे, म्हणजे नायट्रोजन किंवा वीज वगळून केलेल्या प्रयोगांचे, आकडे मुख्य आकड्यांशेजारी, त्याच तक्त्यात छापलेले नसतील, तर तो दावा कच्चा धरावा; मग निबंध कितीही नामांकित नियतकालिकात आलेला असो.

याचे कारण मोजण्याच्या पद्धतीतच आहे. पोटेन्शिओस्टॅट हे यंत्र विद्युतअग्रावरचे विभव हवे तिथे धरून ठेवते आणि किती वीज वाहिली ते अत्यंत अचूक सांगते. चक्रीय व्होल्टामेट्रीत विभव पुढेमागे सरकवले की वक्रावर उंचवटे दिसतात. कोणत्या विभवाला काहीतरी घडते आहे, हे त्यावरून कळते. ते ‘काहीतरी’ नेमके काय, हे मात्र वक्र सांगत नाही. इलेक्ट्रॉन गेले एवढे नक्की. ते नायट्रोजनला मिळाले की पाण्यातून हायड्रोजन काढण्यात खर्ची पडले, हे रासायनिक विश्लेषणानेच ठरते. पाण्यात तर हायड्रोजन निघणे फार सोपे आणि नायट्रोजनचा तिहेरी बंध तुटणे फार अवघड. या निबंधांत वारंवार दिसणारा एक वेग घेऊन हिशेब करू. दर सेकंदाला, दर चौरस सेंटिमीटरमागे, एका मोलचा दहा हजार कोटीवा भाग. एक चौरस सेंटिमीटरचे विद्युतअग्र दोन तास चालवले तर हाती येतो सव्वा मायक्रोग्रॅमच्या आसपास अमोनिया, आणि त्यासाठी लागणारा प्रवाह जेमतेम तीन मायक्रोअँपिअर. तीस मिलिलिटर द्रावणात हा अमोनिया विरघळला की त्याचे प्रमाण लिटरला ०.०४ मिलिग्रॅम होते. एवढा अमोनिया प्रयोगशाळेत कुठूनही येऊ शकतो.

तो येतोही. माणसाच्या श्वासात अमोनिया असतो, खोलीच्या हवेत असतो, हातमोज्यांवर असू शकतो. दोन कप्प्यांमध्ये लावलेला नाफिऑनचा पडदा एका प्रयोगात अमोनियम शोषून घेतो आणि पुढच्या प्रयोगात सोडतो. नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये नायट्रोजन ऑक्साइडांचा अंश असतो, द्रावणासाठी वापरलेल्या क्षारांत नायट्रेट असते, आणि या दोन्हींचे विजेने अमोनियात रूपांतर होणे नायट्रोजनपेक्षा कितीतरी सोपे. कित्येकदा उत्प्रेरकातच नायट्रोजन असतो. इंडोफेनॉलच्या चाचणीत नमुना निळा झाला, वर्णपटमापकावर ६५५ नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजले, अंशांकनाच्या रेषेवरून प्रमाण काढले, तरी त्या निळ्या रंगाला अमोनिया हवेतला की सिलिंडरमधला की हातमोज्यावरचा, हा फरक कळत नाही. २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये वितळलेल्या हायड्रॉक्साइडात लोह ऑक्साइडाच्या अतिसूक्ष्म कणांवर अमोनिया बनवल्याचा निबंध आला आणि त्याची चर्चाही खूप झाली, २०२० मध्ये तो मागे घेतला गेला.

अणूचा माग काढण्याची सोय रसायनशास्त्राकडे आहे. निसर्गातला नायट्रोजन बहुतेक सगळा नायट्रोजन-१४ असतो. नायट्रोजन-१५ हा समस्थानिक अर्धा टक्कासुद्धा नसतो. प्रयोगात शुद्ध नायट्रोजन-१५ वायू सोडला आणि अमोनिया खरोखर त्याच्यापासून बनला, तर प्रोटॉन एनएमआर या वर्णपट-चाचणीत अमोनियमच्या दोन रेषा दिसतात, एकमेकींपासून सुमारे ७३ हर्ट्झवर. अमोनिया बाहेरून शिरलेला असेल तर सारख्या उंचीच्या तीन रेषा दिसतात, सुमारे ५२ हर्ट्झच्या अंतराने. यापेक्षा स्वच्छ साक्ष मिळणे कठीण. तरीही ती डोळे झाकून घेता येत नाही, कारण २०१४ मध्येच दाखवले गेले होते की विकतच्या नायट्रोजन-१५ च्या काही सिलिंडरांत त्याच समस्थानिकाचे अमोनियम आणि नायट्रेट आधीपासून मिसळलेले असते. म्हणून आधी वायू धुवून घ्यायचा, आणि वेळ वाढेल तसा अमोनियाही वाढतो का ते पाहायचे. २०१९ मध्ये डेन्मार्कचे तंत्र विद्यापीठ, स्टॅनफर्ड आणि इम्पीरिअल कॉलेज इथल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये हा सगळा क्रम घालून दिला. या कसोटीवर त्यांनी तपासलेल्यांपैकी एकच मार्ग टिकला: टेट्राहायड्रोफ्यूरानमध्ये लिथियम धातू विद्युतअग्रावर बसवायचा, त्याने नायट्रोजन पकडायचा आणि मग त्याला प्रोटॉन द्यायचे. त्याचे मूळ १९३० मधल्या फिश्टर यांच्या कामात आहे.

सूक्ष्म प्रमाणाच्या आकड्यावर न तपासता विसंबण्याची ही चूक नवी नाही, आणि तिचा सर्वांत बोलका दाखला ज्यांच्या नावाने अमोनियाची पद्धत ओळखली जाते त्या फ्रिट्झ हेबर यांचाच आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवरची नुकसानभरपाई फेडायला त्यांनी समुद्राच्या पाण्यातून सोने काढायचे ठरवले. आधीच्या विश्लेषणांनुसार टनामागे काही मिलिग्रॅम सोने मिळायला हवे होते. हेबर यांनी काही वर्षे घालवून विश्लेषणाची पद्धतच सुधारली आणि खरे प्रमाण जवळपास हजारपट कमी निघाले. प्रकल्प तिथेच संपला, आणि त्यांनी ते छापून सांगितले. मला हेबर यांच्या कामातले हे पान अमोनियाइतकेच मोलाचे वाटते. ज्या आकड्यावर सगळी योजना उभी होती तो आकडा त्यांनी स्वतःच खोडला.

पाण्यापासून हायड्रोजन काढण्याच्या संशोधनातही सूक्ष्म भेसळीने असेच फसवले आहे. केंद्र सरकारच्या हरित हायड्रोजन मोहिमेला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, त्यामुळे हा विषय आपल्या खिशाशीही जोडलेला आहे. पाणी फोडताना हायड्रोजनबरोबर निघणारा ऑक्सिजन अल्कधर्मी द्रावणात निकेल हायड्रॉक्साइडवर छान निघतो, असे वर्षानुवर्षे मानले जाई. १९८७ मध्ये कॉरिगन यांनी दाखवले की लोहाचा अगदी थोडा अंशही परिणाम पालटतो. २०१४ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या बॉचर यांच्या गटाने पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधले लोह काढून टाकले, तेव्हा शुद्ध निकेल हायड्रॉक्साइड अगदीच सामान्य उत्प्रेरक ठरला. स्वस्त उत्प्रेरकांच्या चाचण्यांत समोरचे विद्युतअग्र प्लॅटिनमचे ठेवले, तर आम्लात तेच प्लॅटिनम झिजते, विरघळते आणि तपासल्या जाणाऱ्या उत्प्रेरकावर जाऊन बसते. मग श्रेय स्वस्त धातूला आणि काम प्लॅटिनमचे. लोहाच्या बाबतीत भेसळीचा शोध फायद्याचा ठरला, कारण निकेल-लोह उत्प्रेरक आज मुद्दाम बनवले जातात. पण काम कोण करते आहे हे कळले म्हणूनच तो फायदा घेता आला.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. नायट्रोजन-१५ महाग आहे, जिल्ह्याच्या महाविद्यालयात एनएमआर कुठून आणायचा? अडचण खरी आहे, पण ती शेवटच्या पायरीवरची. नायट्रोजनऐवजी आरगॉन सोडून तोच प्रयोग करणे, नायट्रोजन ठेवून वीज बंद ठेवणे, आणि ही दोन्ही उत्तरे अनेकदा घेणे, याला फारसा खर्च नाही. यात बहुतेक खोटे दावे तिथल्या तिथे गळतात. जे उरतील त्यांच्यासाठी समस्थानिक वायू बंद नळ्यांतून फिरवत ठेवला तर थोडाच लागतो, आणि एनएमआर मोठ्या संस्थेत नमुना पाठवून करता येतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: इतकी कडक शिस्त लावली तर नव्या कल्पना अंकुरातच मरतील, आणि विज्ञान आपल्या चुका आज ना उद्या सुधारतेच. अमोनियाचा अनुभव मात्र उलट आहे. लिथियमचा मार्ग खरा आहे हे पक्के झाल्यावर लोकांनी तिथे जोर लावला. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने दाबाखालच्या नायट्रोजनवर वापरलेल्या प्रवाहाची जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षमता दाखवली, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कच्या गटाने साध्या दाबाखाली सतत वाहत्या यंत्रात ६१ टक्के. आणि सुधारणा होईपर्यंतची वर्षे कोणाची जातात? एखाद्या विद्यार्थ्याची पीएचडीची चार वर्षे हातमोज्यातल्या अमोनियावर खर्ची पडली, तर ती कोणी परत देत नाही.

म्हणून माझे सांगणे मार्गदर्शक, परीक्षक आणि अनुदान मंजूर करणाऱ्या समित्यांना आहे. आरगॉनचा आणि बंद विजेचा ब्लँक मुख्य आकड्यांशेजारी नसलेला प्रबंध स्वीकारू नका, प्रस्तावात समस्थानिक वायूसाठी वेगळी रक्कम मागायला लावा आणि ती मंजूर करा. विद्यार्थ्यांनो, तोंडी परीक्षेत ‘अमोनिया आला कुठून?’ हा प्रश्न कोणी विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारा आणि त्याचे उत्तर पहिल्याच प्रकरणात लिहा.