चामखिळीला बिब्बा नको, नवसही नको

चामखीळ हा काही जीव घेणारा आजार नाही. म्हणून महिनोन्‌महिने आपण तिच्याकडे पाहत नाही. मग एक दिवस वैतागून कोणी बिब्बा लावतो, कोणी उदबत्तीचा चटका देतो, कोणी घोड्याच्या केसाने आवळून बांधतो. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत काय आणि नव्या वस्तीत काय, हे प्रकार घरोघरी माहीत आहेत. आमचे मत स्पष्ट आहे : चामखिळीने होत नाही तेवढे नुकसान या उपचारांनी होते.

चामखीळ नजर लागून किंवा कोणाच्या शापाने येत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू कातडीच्या बारीकशा चिरेतून आत शिरतो आणि काही महिन्यांनी चामखीळ दिसते. नखे कुरतडणे, एकच टॉवेल आणि एकच वस्तरा वापरणे यांतून ती पसरते. लहान मुलांच्या सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात, कारण शरीर त्या विषाणूला ओळखून हुसकावते. नवस पावल्यासारखा वाटतो तो याचमुळे. काम शरीर करते, श्रेय दुसऱ्याला मिळते. बुद्धाने तपासून मगच स्वीकारायला सांगितले. ती तपासणी इथेही लागू आहे.

बिब्ब्याचे तेल कातडी भाजते, फोड आणते आणि काळा डाग ठेवून जाते. पोराच्या चेहऱ्यावर तर ते कधीच लावू नये. दुसरा धोका मेडिकलमधल्या ट्यूबचा. खाज, गजकर्ण, पुरळ सगळ्यांवर एकच मलम म्हणून मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. ते कातडीची लढण्याची ताकद कमी करते, त्यामुळे विषाणूला मोकळे रान मिळते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी आपण चिठ्ठी न घेता मागतो आणि दुकानदार देतो. दोघांनीही हे थांबवले पाहिजे.

मग लावायचे काय? सुमारे १७ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचे औषध. आधी डॉक्टरांना दाखवून ती चामखीळच आहे याची खात्री करून घ्या. मग रात्री ती जागा पाच मिनिटे कोमट पाण्यात भिजवा आणि मऊ झालेली कातडी वजरीने हलके घासा. ती वजरी दुसऱ्याला देऊ नका. आजूबाजूला व्हॅसलिन लावा, औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर टाका आणि वाळू द्या. हे रोज, १२ आठवड्यांपर्यंत. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका. आग झाली, रक्त आले तर थांबा.

हे औषध चेहऱ्यावर, गुप्तांगावर किंवा तिळावर लावू नये. मधुमेह असलेल्यांनी पायाला स्वतःहून लावू नये. गुप्तांगावरची चामखीळ वेगळ्या प्रकारच्या विषाणूंची असते आणि संबंधातून पसरते. तिथे लाज बाजूला ठेवून नवरा-बायको दोघांनी तपासून घ्यावे. तळपायाला चामखीळ आहे की कुरूप, हे ओळखता येत नसेल तर ब्लेडने कापू नका. मुलांच्या अंगावर मोत्यासारखे, मधे खळगा असलेले दाणे येतात, तेही विषाणूचेच. ते फोडू नका. बहुतेक वेळा सहा ते अठरा महिन्यांत जातात.

आणखी एक गोष्ट आम्हाला टोचते. हाताला चामखिळी असलेल्या पोरीला वेगळे ताट द्यायचे, खेळात घ्यायचे नाही, हे आपल्या वस्तीत शोभत नाही. टॉवेल वेगळा ठेवणे ही काळजी झाली. माणूस वेगळा ठेवणे हा विटाळ झाला. विटाळ म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे.

रोजी बुडते म्हणून दवाखाना टाळला जातो, हे आम्हाला कळते. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. बडनेऱ्याहून अमरावतीचे इर्विन रुग्णालय लांब नाही. चामखीळ पटकन वाढत असेल, रंग बदलत असेल, रक्त येत असेल किंवा तीन महिन्यांत हटली नसेल, तर तिथे जाऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तो आपला हक्क आहे.