ओसरीवरून : हा कसला गोंधळ?

गेल्या माघांत नांदेडहून धाकट्या बंधूंचें पत्र आलें. हल्लीं पत्रें कोणी लिहीत नाहीं हें खरें. परंतु राग अनावर झाला म्हणजे आमचे बंधु अद्यापि कागदच हातीं घेतात. मजकूर थोडक्यांत असा : चिरंजीव अकरावीसाठीं लातुरास राहिल्यापासून त्याच्या कानांतील इयरफोन निघत नाहींत. काय ऐकतोस म्हणून विचारलें तर ‘दशावतार’ म्हणून उत्तर! सहामाहींत गुण घसरले आहेत. ‘मीं तो दशावतार स्वतः कानाशीं लावून पाहिला. दादा, तो दशावतार नव्हे, निव्वळ गोंधळ आहे. देवादिकांचीं नांवें घेऊन असा आरडाओरडा आणि रक्तपात चालावा हें मला साहवत नाहीं. आपण वडील; आपण म्हणाल तर मोबाईल आजच काढून घेतों.’

एकत्र कुटुंबांत वडीलपणा म्हणजे न मागतां मिळालेली न्यायाधीशी. परंतु आरोपीस न ऐकतां निकाल देणें बरें नव्हे. मी उदगिरास असतों. लातूर कांहीं लांब नाहीं. दुसरे दिवशीं एस. टी. धरली.

ज्यांचीं मुलें लातुरास आहेत त्यांस तेथील वातावरण सांगावयास नको. ‘लातूर पॅटर्न’चें नांव महाराष्ट्रभर झालें, तेव्हांपासून दहावी संपली कीं मराठवाड्यांतील मुलें तिकडे जातात. एका खोलींत तिघे-चौघे, खानावळीचा डबा, अभ्यासिकेंत नेमून दिलेली खुर्ची, आणि भिंतीवर परीक्षेस उरलेल्या दिवसांचा आंकडा. मी गेलों तेव्हां चिरंजीव दोन पेन्सिली घेऊन स्वतःच्या मांडीवर कांहीं वाजवीत होता. मला पाहून तो चपापला. ‘काका, मोबाईल घेऊन जाणार का?’ एवढेंच त्यानें विचारलें. मीं म्हटलें, ‘आधीं ऐकव.’

हा गीतसंग्रह मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ नांवाच्या वाद्यवृंदाचा. साहिल मखीजा या गायक-गिटारवादकानें सन २००० मध्यें हा वृंद उभा केला, आणि ‘दशावतार’ २०१७ सालीं निघाला. (हेच गृहस्थ ‘हेडबँगर्स किचन’ या नांवानें पाकक्रिया करूनही दाखवितात, हें ऐकून आमच्या घरच्या मंडळींचा राग बराच ओसरला.) दहा गाणीं, दहा अवतार, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. नवव्या स्थानीं बुद्ध आहे म्हणून बंधूंनीं नाक मुरडलें होतें. त्यांस जयदेवाची आठवण द्यावी लागली, कारण गीतगोविंदाच्या आरंभींच्या दशावतारांतही नववा बुद्धच आहे. गाण्यांची भाषा इंग्रजी. कांहीं ओळी सरळ गळ्यानें गाइलेल्या, पुष्कळशा घशाच्या तळांतून काढलेल्या गुरगुराटानें.

ह्या प्रकारास डेथ मेटल म्हणतात. त्याचा जन्म मुख्यतः अमेरिकेंतील फ्लॉरिडांतला. १९८९ सालीं तेथील ‘मॉर्बिड एंजल’ या वृंदाचा पहिला संग्रह निघाला आणि पीट सँडोव्हल या ढोलवादकाच्या वेगानें ऐकणारे थक्क झाले. इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या ‘नेपाम डेथ’चा मिक हॅरिस त्याच्या दोन वर्षें आधींच असा वेग गांठून होता. ह्या वाजविण्यास ‘ब्लास्ट बीट’ असें नांव आहे.

पहिल्या ऐकण्यांत मला बंधूंचाच अनुभव आला : कोणी तरी पत्र्याच्या छपरावर गाडीभर खडी ओतीत आहे. दुसऱ्या वेळीं माझीं बोटें आपोआप हलूं लागलीं. तरुणपणीं मीं दोन वर्षें तबला शिकला होता, तेव्हां मोजण्याची खोड अंगांत आहे. तिसऱ्या वेळीं मीं कागद घेतला आणि चिरंजीवानें मला ह्या वादनाचा हिशोब करून दाखविला. मिनिटास २४० मात्रा अशी लय धरा. या मंडळींत ती कांहीं नवलाची नाहीं. ब्लास्ट बीटमध्यें स्नेअर नांवाच्या लहान ढोलावर मात्रेस दोन आघात पडतात, म्हणजे सेकंदास आठ. आणि त्यांच्या मधल्या फटींत पायाखालच्या मोठ्या ढोलाचे तितकेच. पुढें दोन्ही पाय दोन पेडलांवर मात्रेस चार या हिशोबानें धांवूं लागले म्हणजे नुसत्या पायांचे सेकंदास सोळा. तबल्यावरचा रेला ज्यांनीं जवळून ऐकला आहे त्यांस ह्या संख्येचा अर्थ कळेल. पण तेथें दहा बोटें राबत असतात, येथें दोन पावलें!

आपल्या कानाची एक मर्यादा आहे. आघात सेकंदास सुमारें विसाच्या पुढें गेले कीं ते सुटे ऐकूं येत नाहींत. त्यांचा एक सूर होऊन जातो. हा वादक नेमका त्या उंबरठ्याच्या अलीकडे उभा असतो. ठोके मोजतां येत नाहींत आणि विरूनही जात नाहींत. आणि एकदां ती धार कानांत बसली कीं विलक्षण गोष्ट घडते. वेग जाणवेनासा होतो. त्या अखंड कंपावर गिटारचे स्वर सावकाश, कधीं कधीं चार-चार मात्रा थांबून सरकतात, आणि ढोल खालीं तंबोऱ्यासारखा नुसता भरून राहतो. मी ज्यास द्रुत समजत होतों त्यावर विलंबिताची बैठक होती.

‘हात दुखत नसतील का रे ह्यांचे?’ मीं विचारलें.

‘जोर लावला तर दुखतात, काका, आणि लयही जाते. मनगट सैल पाहिजे. काठी कातड्यावरून आपणच परत येते. तिला फक्त अडवूं नये.’ पेन्सिलीवर शिकलेल्या मुलाच्या तोंडचें हें वाक्य ऐकून मी गप्प बसलों.

परतीच्या वाटेवर बंधूंच्या पत्रांतील ‘गोंधळ’ हा शब्द मला सोडीना. आमची कुलस्वामिनी माहूरची रेणुका. नांदेड जिल्ह्यांतल्या त्या गडावर पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरचीं माणसें गेलीं आहेत, आणि घरांत लग्न झालें कीं देवीचा गोंधळ घातल्यावांचून तें पुरें झालें असें आम्ही मानीत नाहीं. चौक मांडतात, दिवटी पेटते, गोंधळी तुळजापूर, कोल्हापूर, माहूर अशा एकेका ठिकाणच्या देवीस हांक मारतो, आणि संबळ सुरू होतो. कमरेला बांधलेलीं तीं दोन तोंडें, एक काठी सरळ व एक टोकाशीं वांकडी. आणि कथा रंगांत आली म्हणजे दोन माणसांस शेजारीं बसून बोलतां येऊं नये असा नाद. पूजेच्या ह्या विधीचें नांव आम्हीं व्यवहारांत अव्यवस्थेस कां दिलें? मला वाटतें, ज्यांनीं चौकाशीं बसून ऐकला त्यांचा तो विधि, आणि ज्यांनीं दूर आळींत झोंप मोडल्यावर ऐकला त्यांचा तो गोंगाट.

आणि खरें सांगावयाचें तर आम्हीं तरी तो पुरता जवळ बसून कोठें ऐकला? माझ्या लहानपणीं गोंधळ्यास विदागी मिळे, शिधा मिळे. पण त्याचें पान ओसरीखालीं अंगणांत मांडलें जाई, आणि संबळ उंबरठ्याच्या आंत येत नसे. मीं तबल्याचें नांव काढलें तेव्हां आजोबा म्हणाले होते, ‘कातड्यास हात लावणारा आपल्यांत कोण झाला?’ कीर्तनांतला मृदंग तेवढा कशाचा असतो, हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. दोन वर्षें चोरून शिकलों आणि मुकाट्यानें सोडून दिलें.

राहिला बंधूंचा रक्तपाताचा आक्षेप. संग्रहांतील चौथें गाणें नृसिंहाचें, सहावें परशुरामाचें. नृसिंहानें उंबरठ्यावर काय केलें तें आपण दर वैशाखांत नैवेद्य दाखवून मुलांस सांगतों. आंतडींसुद्धां वगळीत नाहीं. आणि परशुराम तर आमच्या रेणुकेचाच मुलगा. जमदग्नीनें मातेचा वध करण्याची आज्ञा केली, तेव्हां महाभारतांत वडील चौघे मुलगे जागचे हलले नाहींत. धाकट्यानें परशु उचलला. पुढें वर मागून त्यानें तिला जिवंत करविलें हें खरें. पित्याची आज्ञा अक्षरशः पाळणाऱ्या पुत्राची ही कथा मीं बंधूंस उत्तरांत लिहून कळविली. आठ दिवस त्यांचा फोन आला नाहीं.

मात्र माझा निकाल चिरंजीवाच्या बाजूनें पूर्ण लागला असें कोणी समजूं नये. तो गुरगुराट मला आवडला नाहीं. शब्द कळूं द्यावयाचे नव्हते तर अवतारकथा कशास हव्या होत्या, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यालाही देतां आलें नाहीं. आणि गुण घसरले ते ढोलामुळें नव्हे, जागरणामुळें. स्वारी रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत ऐकत होती व सकाळीं वर्गांत पेंगत होती. तेव्हां ठरलें तें असें : मोबाईल त्याच्याजवळच राहील, परंतु रात्रीं दहानंतर खोलींतल्या मित्राच्या पेटींत. बंधूंनीं हा निकाल ‘निम्मा मान्य’ म्हणून स्वीकारला.

वैशाखांत नांदेडच्या घरीं पुतणीचें लग्न झालें. गोंधळाच्या दिवशीं संध्याकाळीं मातुश्रींनीं, कोणी विचारण्यापूर्वींच, गोंधळ्यांचीं पानें ओसरीवर आमच्याच रांगेंत मांडावयास सांगितलें. त्यांचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे; ‘इतकीं वर्षें राहून गेलें,’ एवढेंच त्या म्हणाल्या. चिरंजीव जेवण होतांच संबळाशेजारीं जाऊन बसला, तो मध्यरात्रीपर्यंत उठला नाहीं. कथेच्या विसाव्यांत म्हाताऱ्या गोंधळ्यानें दोन्ही काठ्या त्याच्या हातीं दिल्या. पोरानें सारा जीव लावून पहिले ठोके मारले.

‘मनगट ढिलं सोडा, भाऊ,’ म्हातारा म्हणाला. ‘काडी आपली आपण माघारी येती.’

चिरंजीवानें वळून माझ्याकडे पाहिलें, आणि मग पुन्हां वाजवूं लागला. बंधु चौकाशीं दिवटी धरून उभे होते. ती मंदावत चालली होती. तेल घाला म्हणून मीं दोनदां सांगितलें, पण संबळापुढें तें त्यांस ऐकूं गेलें नाहीं.