कमी फी आणि सभासदांची जोखीम



उसाचा दर आणि साखर उतारा यांवर आपण सभेत तासन् तास बोलतो. पण मिल हाऊसचा लोखंडी सांगाडा, गोडाऊन, चिमणी, मळीची टाकी यांचा हिशेब कोणी केला आणि किती फीत केला, हे विचारायला कोणी उठत नाही. हा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग फर्म करतात. त्यांच्या धंद्याची जोखीम त्यांची त्यांनी बघावी, आपल्याला काय त्याचं, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते हा समज महागात पडणारा आहे.

ही फर्म सिमेंट विकत नाही की लोखंड विकत नाही. ती आकडेमोड आणि सही विकते. फी एकदाच मिळते, जबाबदारी मात्र इमारत उभी आहे तोवर सुटत नाही. बांधकामाच्या खर्चाच्या मानाने फी थोडी. पण चूक झाली तर माणसं जातात, हंगाम जातो आणि फर्मही बुडते. नुकसान फर्मच्या ऐपतीबाहेर गेले की उरलेला बोजा कोणावर पडणार? कारखान्यावर, म्हणजे तुमच्या-आमच्या शेअरवर.

या धंद्यातली पहिली जोखीम गृहीतकाची. सातारा-सांगलीकरांना ती वेगळी सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. हा भाग भूकंपाचा नाही असे तोवर मानले जात होते, म्हणून धरणाच्या हिशेबात भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या शेकडा पाचच धरला होता. प्रत्यक्ष धक्का त्याच्या कित्येक पट निघाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. धरण टिकले, पण नंतर मागून काँक्रीटचा आधार देऊन ते मजबूत करावे लागले. म्हणून चांगली फर्म काय काय गृहीत धरले ते आधी कागदावर मांडते : वजन किती, वारा किती, भूकंप किती, जमीन कशी. मळी पाण्यापेक्षा सुमारे १.४ पट जड असते. टाकी पाण्याच्या हिशेबाने बांधायची आणि मळीने भरायची, म्हणजे संकटाला आवतण.

दुसरी जोखीम तोंडी बदलाची. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलात वरच्या मजल्यांना जोडणारे पूल छताला सळ्यांनी टांगलेले होते. दोन पूल एकाच अखंड सळीवर टांगायचे, असे मूळ ड्रॉइंग होते. काम सोपे व्हावे म्हणून एका सळीच्या दोन केल्या. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला, आणि तो हिशेब पुन्हा कोणी केलाच नाही. १७ जुलै १९८१ रोजी पूल कोसळले, ११४ माणसे मेली. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने गेले.

आपल्याकडे असे होणार नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे! ऑफ-सिझनच्या कामात "दसऱ्याला बॉयलर पेटवायचाय, ड्रॉइंग मागाहून पाठवा" हे वाक्य कोणत्या कारखान्यावर ऐकू येत नाही?

तिसरी जोखीम पैशाची. सगळ्या रानात एकच जात लावली आणि रोग आला, तर काय होते हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. फर्मचेही तसेच. जिची बहुतेक कमाई एकाच गिऱ्हाइकावर आहे, तिला त्या गिऱ्हाइकापुढे "नाही" म्हणता येत नाही. बिले अडकली की जाणती माणसे सोडून जातात, आणि नवशिक्याने केलेला हिशेब तपासायला कोणी उरत नाही.

काहीजण म्हणतील, सभासदांचा पैसा आहे, तेव्हा कमीत कमी टेंडरच घ्यावे. सिमेंट-लोखंडाला हे ठीक, तिथे माल मोजता-तपासता येतो. आकडेमोडीतली काटकसर डोळ्यांना दिसत नाही. फी निम्मी केली की पहिली काट तपासणीला लागते. वाचलेले चार पैसे म्हणजे नफा नव्हे. ती आपण बिनबोभाट उचललेली जोखीम होय.

म्हणून आमच्या सूचना अशा. फर्मची निवड आधी अनुभव पाहून करावी, फी नंतर ठरवावी. मोठ्या कामाचा हिशेब दुसऱ्या, स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासून घ्यावा. कोणताही बदल लेखी आणि सहीनिशीच व्हावा, मग तो चेअरमनसाहेबांनी सुचवलेला असो की ठेकेदाराने. फर्मने व्यावसायिक जबाबदारीचा विमा उतरवलेला असावा. आणि कारखान्याने तिचे बिल वेळेवर द्यावे. थकबाकीदाराला कडक तपासणी मागण्याचा तोंड नसते.

वार्षिक सभेत नव्या बांधकामाचा विषय येईल तेव्हा खर्चाचा आकडा जरूर विचारा. पण त्याच्या जोडीला एवढंही विचारा : हिशेब कोणी केला, आणि तपासला कोणी? या दोन्ही प्रश्नांना नावानिशी उत्तर मिळाल्याशिवाय मंजुरीचा हात वर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.